दीर्घ आजाराच्या मुलाला औषधाच्या अभ्यासात घालावं का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्यांचा भाचा नऊ वर्षांचा आहे आणि गेली चार वर्षं त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडाचा आजार आहे. बहीण कुंभारीच्या विडी घरकुलात राहते, विड्या वळते. मेहुणे यंत्रमागावर आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी पोराच्या डोळ्यांवर सकाळी सूज दिसते, लघवीत प्रथिनं जातात, पुन्हा स्टिरॉइड वाढवावं लागतं. आता उपचार करणारे डॉक्टर म्हणालेत की एका औषधाचा अभ्यास चालू आहे, औषध फुकट मिळेल, सही करा. बहिणीचं म्हणणं, ‘एवढी वर्षं त्यांनीच सांभाळलंय, नाही कसं म्हणायचं?’ मेहुण्यांचं म्हणणं, ‘आमचं पोरगं काय उंदीर आहे का?’ आणि मामा विचारतात, आजारी लेकरांवर असे प्रयोग करणं मुळात बरोबर आहे का, आणि आम्ही काय करावं?

मी सोलापुरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या एथिक्स कमिटीवरही बरीच वर्षं बसलो आहे. म्हणजे फॉर्म वाचणारा आणि फॉर्मवर सही मागणारा, अशा दोन्ही बाजूंना मी राहिलेलो आहे.

मुलांवर संशोधन करणं बरोबर आहे, ते न करणं जास्त धोक्याचं आहे, हे माझं स्पष्ट मत. पण तुमच्या घरातल्या दोन वाक्यांपैकी मला काळजी वाटते ती मेहुण्यांच्या वाक्याची नाही, बहिणीच्या वाक्याची. मेहुण्यांच्या शंकेला उत्तर आहे. ‘नाही कसं म्हणायचं’ ही मात्र दीर्घ आजारातल्या संशोधनाची खरी दुखरी जागा आहे.

आधी मेहुण्यांचं बघू. मधुमेहाच्या मुलांना आज जे इन्सुलिन मिळतं ते जगात पहिल्यांदा ज्या रुग्णाला टोचलं गेलं तो चौदा वर्षांचा मुलगा होता, लेनर्ड थॉम्प्सन, कॅनडातल्या टोरांटोत. 11 जानेवारी 1922 ला दिलेलं पहिलं इंजेक्शन फारसं लागू पडलं नाही, टोचलेल्या जागी गळू झालं. औषध आणखी शुद्ध करून 23 जानेवारीला पुन्हा दिलं, तेव्हा साखर उतरली. त्याच्या बापाने हो म्हटलं नसतं तर दुसऱ्या कुणाच्या तरी बापाला म्हणावं लागलं असतं. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचंही तेच. 1960 च्या आसपास दहातलं एखादं मूल वाचायचं, आज चांगल्या केंद्रांत दहातली जवळजवळ नऊ वाचतात. हा फरक एखाद्या जादूच्या औषधाने पडलेला नाही. एका पाठोपाठ एक झालेल्या अभ्यासांनी तो पडला, आणि त्या अभ्यासांतली सगळी मुलं आजारीच होती.

‘मोठ्या माणसांवर तपासा आणि मुलांना अर्धी गोळी द्या’ हा मार्ग वाटतो तितका सोपा नाही. क्लोरॅम्फेनिकॉल हे मोठ्यांत उत्तम चालणारं अँटिबायोटिक नवजात बाळांना वजनाच्या हिशोबाने दिलं, तेव्हा बाळं राखाडी पडून दगावली. त्यांचं यकृत ते औषध निकामी करण्याइतकं तयार झालेलंच नव्हतं. 1959 मध्ये हे उघड झालं. मोठ्यांची गोळी फोडून, चुरून, मधातून मुलाला द्यायची, हे आपल्याकडे रोज चालतं. तोही प्रयोगच आहे, फक्त त्याची कुठे नोंद होत नाही आणि त्यावर कुणाची देखरेख नसते.

आणि तुमच्या भाच्याच्याच आजाराचं उदाहरण देतो, ते भारतातलंच आहे. पहिल्यांदा नेफ्रोटिक झालं की स्टिरॉइड तीन महिने द्यावं की सहा, यावर डॉक्टरांत वर्षानुवर्षं वाद होता. जास्त दिवस दिलं तर पुन्हापुन्हा सूज येणार नाही असं पुष्कळांना वाटायचं, आणि ते पटण्यासारखंही होतं. भारतातल्या डॉक्टरांनी 181 मुलांवर रीतसर चाचणी केली, ती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. निष्कर्ष असा की सहा महिने दिल्याने आजार उलटण्याचं प्रमाण कमी होत नाही. स्टिरॉइडने चेहरा फुगतो, सारखी भूक लागते, उंची मागे पडते, शाळेत पोरं ‘फुग्या’ म्हणून चिडवतात, हे तुमच्या बहिणीने पाहिलं असेल. ती 181 मुलं त्या अभ्यासात नसती तर आणखी कितीतरी मुलांनी हे सगळं तीन महिने जास्त आणि विनाकारण सोसलं असतं.

आता बहिणीकडे येतो.

जुलाबाने दाखल झालेल्या मुलाच्या आईला डॉक्टर आवडला नाही तर ती पुढच्या वेळी दुसरीकडे जाते. नेफ्रोटिक, थॅलेसेमिया, फिट्स, टाइप वन मधुमेह, सिकल सेल, यांत तसं नसतं. तोच डॉक्टर, तीच ओपीडी, तीच सिस्टर, आणि हे मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. रात्री सूज वाढली तर त्यांचाच फोन लावायचा असतो. मोफत योजनेच्या कागदावर सही त्यांचीच लागते. अशा माणसाने पेन पुढे केल्यावर आई ‘नाही’ म्हणू शकते, हे कागदावर खरं असतं. ओपीडीत ते फार कमी वेळा खरं असतं. डॉक्टर दुष्ट असतात असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा त्यांना याची जाणीवही नसते, कारण त्यांच्यासमोर सगळ्या आया हसून मान डोलावतात.

वैद्यकातल्या सर्वात बदनाम उदाहरणांपैकी एक नीट बघितलं तर तिथेही हीच गोष्ट सापडते. न्यूयॉर्कमध्ये विलोब्रुक नावाची मतिमंद मुलांची मोठी सरकारी संस्था होती. तिथे 1950 च्या दशकापासून मुलांना मुद्दाम काविळीचा विषाणू देऊन अभ्यास केला गेला. पालकांच्या सह्या होत्या, म्हणजे कागद पूर्ण होते. पण 1964 च्या सुमारास संस्था भरली म्हणून नवे प्रवेश बंद झाले आणि जागा उरली ती संशोधनाच्या विभागात. घरी मूल सांभाळणं अशक्य झालेल्या आईबापांना दरवाजा एकच उघडा ठेवला आणि मग विचारलं, तुमची संमती आहे ना? लोक या प्रकरणात विषाणू लक्षात ठेवतात. मला तो दरवाजा जास्त महत्त्वाचा वाटतो.

म्हणून अभ्यास नीतीने चाललाय की नाही हे तपासताना मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघतो. नाही म्हटल्यावर या घराचं काय बिघडतं? काहीच नाही, असं उत्तर असेल तर बाकीच्या गोष्टी बऱ्याचदा रांगेला लागतात. पुढची तारीख लांबते, फुकटची औषधं बंद होतात, डॉक्टर तुटक बोलतात, किंवा नुसती तशी भीती जरी असली, तरी फॉर्म कितीही सुंदर छापलेला असो, तो मला नको.

हे प्रत्यक्षात कसं साधायचं? उपचार करणाऱ्या डॉक्टरने स्वतः संमती घेऊ नये, त्या मुलाच्या उपचारांशी संबंध नसलेल्या कुणीतरी समजावून सांगावं. कमिटीवर मी हा आग्रह सतत धरला, आणि ‘माणसं कुठून आणायची’ हे उत्तरही सतत ऐकलं. अडचण खरी आहे, पण एक निवासी डॉक्टर किंवा समाजसेवा अधीक्षक अर्धा तास मोकळा करता येत नसेल तर अभ्यास करायची घाई कशाला? दुसरं म्हणजे फॉर्म घरी न्यायचा. त्याच दिवशी, त्याच टेबलावर सही झालीच पाहिजे असं कुठल्याही नियमात नाही. बहिणीने पेन खाली ठेवून ‘घरी विचारून सांगते’ म्हणावं. यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते तुम्ही बघा, त्यातून पुष्कळ कळतं.

भाषेचं आपल्याकडे वेगळं त्रांगडं आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत बोलतात तेलुगू, मुलं शिकतात मराठीत, अक्कलकोटकडून येणारी कानडी बोलतात, आणि संमतिपत्रक येतं पुण्या-मुंबईच्या छापील मराठीत. आईला वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला त्रयस्थ साक्षीदार लागतो, आणि तिला सांगताना तो पूर्ण वेळ हजर हवा. बाहेरून जाणाऱ्या वॉर्डबॉयला हाक मारून अंगठ्याशेजारी सही घेणं म्हणजे साक्षीदार नव्हे.

मामा म्हणून तुम्हाला एक सांगून ठेवतो. सही आईबापांची, तुमची चालत नाही. तुम्ही बरोबर जा, वाचून दाखवा, भांडा हवं तर. पण ते दोघे असताना तुमच्या सहीला अर्थ नाही. हा किचकटपणा वाटेल, पण त्यामागे इतिहास आहे. 2009 मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. खम्ममला वसतिगृहात राहणाऱ्या पुष्कळ मुलींच्या फॉर्मवर वॉर्डननी सह्या केल्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले, 2010 मध्ये प्रकल्प थांबला, पुढे संसदेच्या समितीनेही ताशेरे ओढले. त्या मृत्यूंना लस जबाबदार असल्याचं सिद्ध झालं नाही. ती लस चांगली आहे, माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी ती घ्यायला सांगतो. पण संमती ज्याची त्याने दिली नव्हती, आणि तेवढ्या एका गोष्टीने लोकांचा लशीवरचाच विश्वास पुढे कितीतरी वर्षं उडाला.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, मुलांवरच्या संशोधनाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. धोका नगण्य असेल किंवा मुलाला थेट फायदा असेल तर आई किंवा बाप, एकाची सही पुरते. धोका त्याहून जास्त असेल, किंवा मुलाला स्वतःला काही फायदा नसेल, तर दोघांची लागू शकते. आणि सात वर्षांच्या वरच्या मुलाला स्वतःला विचारावं लागतं. सात ते बारा तोंडी होकार, आईबापांसमोर, आणि त्याची नोंद. बारा ते अठरा लेखी. अठरा पूर्ण झाले आणि अभ्यास अजून चालू असेल तर मोठा माणूस म्हणून नव्याने संमती.

म्हणजे तुमच्या नऊ वर्षांच्या भाच्याला विचारलं गेलं पाहिजे. विचारलं का? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही.

इथे मी जरा थांबतो, कारण या मुलांबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. नऊ वर्षांच्या मुलाला काय कळतं? सर्दी-खोकल्याच्या मुलाला खरंच फार कळत नसेल. चार वर्षं आजारी असलेल्याला कळतं. कुठल्या हाताची शीर सापडते हे तो नव्या सिस्टरला सांगतो. प्रथिनं तपासायला तापवलेली लघवी गढूळ झाली की आईच्या आधी त्याला कळतं की आता पुन्हा गोळ्या वाढणार. वजन वाढलं की शाळेत कोण काय म्हणेल हे त्याला पाठ असतं. त्याला ‘यादृच्छिक’ वगैरे सांगायची गरज नाही. ‘दोन औषधं आहेत, कुठलं जास्त चांगलं ते आम्हालाच माहीत नाही, तुला कुठलं मिळेल ते चिठ्ठी टाकून ठरणार, आणि महिन्यातून एकदा जास्तीचं रक्त घ्यावं लागेल’ एवढं सांगितलं की तो बरोबर नेमका प्रश्न विचारतो: ‘किती वेळा टोचणार?’ अभ्यासाच्या आराखड्यातला तोच सर्वात महत्त्वाचा प्रश्न असतो आणि मोठ्या समित्या त्याच्यावरून हात फिरवून पुढे जातात.

याच मुलांचा दुसरा स्वभाव मात्र उलटा आहे. ती शहाणी झालेली असतात. डॉक्टरकाकांना काय ऐकायचंय हे त्यांना माहीत असतं, आई रडू नये म्हणून ती हो म्हणतात. त्यामुळे ओपीडीतल्या पहिल्या ‘हो’वर मी फार विसंबत नाही. घरी गेल्यावर, रात्री अंथरुणात, मुलं खरं बोलतात. बहिणीला तिथे विचारू दे. आणि नंतर कधीही त्याने हात मागे घेतला, तारखेच्या दिवशी पोटात दुखायला लागलं, तर तो नकारच समजायचा. अभ्यासातून मुलाला फायदा नसेल तर तो नकार शेवटचा. अपवाद एवढाच की जे औषध त्याला जगायला लागतं ते त्या अभ्यासाशिवाय मिळतच नाही. मग आईबाप आणि कमिटी मिळून वेगळा विचार करू शकतात.

चिठ्ठीचं ऐकून मेहुणे उसळतील, आमच्या पोरावर चिठ्ठ्या टाकणार म्हणून. पण दोन्हींपैकी काय बरं हे कुणालाच ठाऊक नसतं, तेव्हाच चिठ्ठी न्याय्य ठरते. डॉक्टरला ठाऊक असेल आणि तरी तो चिठ्ठी टाकत असेल, तर ते पाप. म्हणून त्यांना सरळ विचारा, ‘तुमचा मुलगा असता तर तुम्ही दोन्हींपैकी कुठलंही चालवून घेतलं असतं का?’ त्याच जोडीने विचारा की एका गटाला नुसती साखरेची गोळी आहे का. नेहमीच्या औषधावर जोडून असेल तर चालतं. नेहमीचं औषध काढून साखरेची गोळी देणार असतील तर नेफ्रोटिकमध्ये सही करू नका. तसंच अभ्यासात घेण्याआधी चालू औषध काही आठवडे ‘धुऊन काढायला’ बंद ठेवतात का तेही विचारा. त्या आठवड्यांत सूज आली तर काय करायचं हे लिहिलेलं असलंच पाहिजे.

रक्ताबद्दल एक हिशोब हाताशी ठेवा. मुलाच्या अंगात किलोला सुमारे 80 मिलिलिटर रक्त असतं. भाचा 25 किलोचा धरला तर दोन लिटर. संशोधनासाठी एका वेळी एक टक्क्याहून जास्त आणि चार आठवड्यांत तीन टक्क्यांहून जास्त घेऊ नये असा संकेत आहे, म्हणजे एका वेळी 20 आणि महिन्यात 60 मिलिलिटर. आजारी, फिक्या पडलेल्या मुलात त्याहून बरंच कमी. नेहमीच्या तपासणीला जे रक्त काढतात त्यातच काम भागत असेल तर वेगळी सुई कशाला?

आता पैसे. बहिणीचा दिवस गेला की विड्या राहतात, मजुरी हजार विड्यांवर असते. जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी देणं हे आमिष नाही, तो हक्क आहे. देत नसतील तर मागा. फुकट औषध हे मात्र अवघड प्रकरण आहे. ज्या घरात महिन्याच्या औषधाला उसनवारी होते तिथे फुकटची बाटली हेच सर्वात मोठं दडपण. म्हणून मी औषध फुकट देण्याला हरकत घेत नाही, अभ्यास संपल्यावर काय हे विचारतो. नव्या औषधाने पोराला वर्षभर सूज आली नाही, अभ्यास संपला, आणि बाटली बंद. मग? केंद्र सरकारच्या 2019 च्या नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या नियमांत अभ्यासानंतरही औषध मोफत देण्याची तरतूद आहे, पण ती आपोआप लागू होत नाही. डॉक्टरांनी शिफारस करावी लागते, दुसरा पर्याय नसावा लागतो, कमिटीची मंजुरी लागते. म्हणून हे आधी बोलून घ्यायचं.

त्याच नियमांत औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई आहे. गंभीर काही घडलं तर डॉक्टरने 24 तासांत कळवायचं असतं. यावर जास्त लिहीत नाही, फॉर्ममध्ये छापलेलं असतं.

आपल्यासारख्या शहरात मुलांवर होणारं बरंचसं संशोधन मोठ्या कंपन्यांचं नसतंही, ते एमडी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचं असतं. त्यांना प्रबंध लिहावाच लागतो. तिथे धोका औषधाचा कमी आणि गृहीत धरण्याचा जास्त. एक जास्तीची तपासणी केसपेपरवर लिहिली जाते आणि बाहेरच्या लॅबचं बिल बाप भरतो. हे चुकीचं आहे. संशोधनासाठीच्या तपासणीचा एक रुपयाही पालकांनी द्यायचा नसतो. प्रबंधात मुलाचा फोटो येतो, सुजलेला चेहरा, डोळ्यांवर काळी पट्टी. सोलापुरात त्या पट्टीने कोण ओळखायचा राहतो? फिट्सच्या किंवा थॅलेसेमियाच्या मुलीचं नाव असं बाहेर गेलं की दहा वर्षांनी तिच्या लग्नात ते पुढे येतं. फोटोला वेगळी संमती लागते आणि ती नाकारता येते.

कमिटीवर एक वाद मी हरलो तोही सांगतो. तारखा ठरवताना दोन-चार दिवस मागेपुढे चालतील अशी मोकळीक ठेवा, असं माझं म्हणणं होतं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, आजारी मुलालाही पाळण्यात बसायचं असतं. संशोधकांना ते हास्यास्पद वाटलं. मला अजूनही वाटत नाही.

तुमच्या भाच्याबाबत माझं मत विचाराल तर, वारंवार उलटणारा आजार, स्टिरॉइडचा त्रास दिसतोय, आणि अभ्यास दोन चालू औषधांची तुलना करणारा असेल, तर मी त्याला घालायला अनुकूल आहे. नियमित तपासणी होते, फोन उचलला जातो, हाही लहान फायदा नाही. औषध अगदी नवं, मुलांत पहिल्यांदाच दिलं जाणारं असेल तर मी आधी इतर सगळे पर्याय वापरून झालेत का ते बघेन.

सहीआधी दोन गोष्टी करा. अभ्यासाचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागून घ्या. 2009 पासून अशा चाचण्यांची नोंद सक्तीची आहे, तीही पहिला रुग्ण घेण्याआधी, आणि ती कुणालाही मोबाइलवर फुकट बघता येते. आणि फॉर्मवर एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवाचं नाव व फोन आहे का ते पाहा. तो फोन डॉक्टरांच्या नंबरहून वेगळा असला पाहिजे. बहिणीला डॉक्टरांसमोर नाही म्हणणं जड जात असेल तर तिने त्या नंबरवर फोन करावा. असे फोन घेणं हे त्यांचं कामच आहे.